विमानाच्या इंजिनाला जाळी का नसते?

२० मे २०२४ ला रात्री नऊच्या सुमारास दुबईहून आलेलं एक बोइंग ७७७ मुंबईत उतरण्याच्या बेतात होतं. घाटकोपरवरून जाताना ते फ्लेमिंगोंच्या थव्यात शिरलं. विमान सुखरूप उतरलं, प्रवाशांना काही झालं नाही. खाली लक्ष्मीनगर, पंतनगर भागात मात्र फ्लेमिंगोंची कलेवरं विखुरली होती. गोळा केलेल्या मृत पक्ष्यांची संख्या ३९ भरली.

मी पक्षी बघत फिरणारा माणूस. त्यामुळे पुढचा आठवडाभर ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारत होते: एवढं कोट्यवधींचं इंजिन, त्याला पुढून एक जाळी बसवता येत नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. घरातल्या टेबलफॅनला जाळी असते, कूलरला असते, मग विमानाला का नाही? त्याचं उत्तर शोधत गेलं की टकरीचा सगळाच विषय उलगडतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी टक्कर किती जोराची असते ते पाहू. आपल्याकडची घार सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. उडताना किंवा उतरताना प्रवासी विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या घरात असतो. शाळेत शिकलेलं गतिज ऊर्जेचं सूत्र इथे लावा. उत्तर येतं ते असं: ही टक्कर म्हणजे दहा किलो तांदळाची पिशवी वीस मीटरवरून, म्हणजे सहाव्या-सातव्या मजल्यावरून, खाली आदळणं. आणि हा सगळा मार सेकंदाच्या तीनशे-चारशेव्या भागात, हाताच्या पंजाएवढ्या जागेवर बसतो. तेवढ्या क्षणापुरता त्या जागेवर सुमारे दोन टनांचा भार येतो. सूत्रात वेगाचा वर्ग होतो, ही यातली ग्यानबाची मेख. वेग दुप्पट झाला की मार चौपट. पक्ष्याचं वजन किती, यापेक्षा विमान किती वेगात होतं, हा प्रश्न म्हणूनच जास्त महत्त्वाचा ठरतो.

आता ती जाळी. हा मार झेलायचा तर तिला जाडजूड गजच लागतील. एअरबस ए३२० सारख्या विमानाचं एक इंजिन उड्डाणाच्या वेळी दर सेकंदाला सुमारे ४०० किलो हवा ओढतं. गजांमधून तेवढी हवा सरळ आत जात नाही. ती घुसळते, इंजिनाची ताकद घटते, इंधन जास्त जळतं. थंड ढगांतून जाताना जाळीवर बर्फ धरतं आणि इंजिनाचा श्वासच कोंडतो. शिवाय टकरीने जाळी तुटली, तर पक्ष्याबरोबर धातूचे तुकडेही आत जातात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. काही लढाऊ विमानांना धावपट्टीवरचे खडे आत जाऊ नयेत म्हणून झडपा किंवा जाळ्या असतात, पण विमान हवेत गेलं की त्या बाजूला सारतात. प्रवासी विमानांसाठी अभियंत्यांनी वेगळा मार्ग धरला: पक्षी अडवायचा नाही, तो आत आला तरी इंजिनाने तग धरायचा.

इंजिनाच्या तोंडाशी दिसतो तो मोठा फॅन. त्याने ओढलेली बहुतेक हवा बाहेरच्या बाजूने सरळ मागे निघून जाते. थोडी हवा आतल्या गाभ्यात शिरते. तिथे ती दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं आणि त्या जोरावर सगळं यंत्र फिरतं. पक्षी फॅनच्या कडेला लागला तर पात्यांवर त्याच्या चिंधड्या होतात आणि बहुतेक अवशेष बाहेरच्या वाटेने निघून जातात. पाती वाकतात, विमान थरथरतं, जळक्या मांसाचा वास केबिनपर्यंत येतो. पण इंजिन चालू राहू शकतं. तोच पक्षी गाभ्यात शिरला तर आतल्या नाजूक पात्यांची मोडतोड होते आणि दाबलेली हवा उलटी पुढे फेकली जाते. तोफेसारखे आवाज येतात, इंजिनातून ज्वाळा दिसतात. जून २०२२ मध्ये पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या डाव्या इंजिनाला पक्षी धडकून आग लागली होती. लोकांनी जमिनीवरून तिचे व्हिडिओ काढले. ते इंजिन बंद करून वैमानिकांनी १८५ प्रवाशांना सुखरूप परत आणलं. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर सुरक्षित उतरू शकतं, ते तसंच बांधलेलं असतं. खरी भीती दोन्ही इंजिनं एकदम जाण्याची असते, आणि ती एकट्यादुकट्या पक्ष्यापेक्षा थव्याकडून जास्त असते.

नवं इंजिन बाजारात येण्याआधी त्याची या बाबतीत परीक्षा होते. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या तोफेतून मेलेल्या कोंबड्या किंवा जिलेटिनचे गोळे चालत्या इंजिनात मारतात. मध्यम आकाराचे पक्षी गिळूनही त्याने तीन चतुर्थांश ताकद टिकवली पाहिजे. सगळ्यात मोठ्या इंजिनांना ३.६५ किलोचा एक पक्षी गिळावा लागतो. त्यानंतर ते चालू राहिलं नाही तरी चालतं, मात्र ते फुटता कामा नये, आटोक्याबाहेरची आग लागता कामा नये आणि ते व्यवस्थित बंद करता आलं पाहिजे. वैमानिकासमोरच्या काचेची परीक्षा १.८ किलोच्या पक्ष्याने घेतात.

हे नियम अनुभवातून आले, आणि तो अनुभव फार महाग पडला. पक्ष्याला धडकल्याची पहिली नोंद खुद्द ऑर्व्हिल राइट यांची, १९०५ सालची. पहिला बळी १९१२ मध्ये कॅलिफोर्नियात गेला: कॅलब्रेथ रॉजर्स यांच्या विमानात कुरव पक्षी अडकला आणि विमान समुद्रात कोसळलं. ४ ऑक्टोबर १९६० ला बोस्टनहून उडालेलं लॉकहीड इलेक्ट्रा जातीचं प्रवासी विमान स्टार्लिंगच्या थव्यात शिरलं. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला, ऐंशी ग्रॅमचा पक्षी. त्या एवढ्याशा पक्ष्यांनी इंजिनं बंद पाडली आणि ६२ माणसं गेली. इंजिनांच्या पक्षी-चाचण्यांना खरा जोर आला तो या अपघातानंतर.

मग १५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लागार्डियावरून उडालेलं ए३२० सुमारे २,८०० फुटांवर कॅनडा गूज या हंसकुळातल्या पक्ष्यांच्या थव्याला धडकलं. त्या इंजिनांची मोठ्या पक्ष्याची परीक्षा १.८ किलोच्या एका पक्ष्यापुरती होती आणि हे गूज साडेतीन-चार किलोंचे. दोन्ही इंजिनांच्या गाभ्यात पक्षी गेले. साडेतीन मिनिटांत कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं आणि सगळे १५५ जण वाचले. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

इंजिनात सापडलेली पिसं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत गेली. तिथे नुसत्या पिसाच्या तुकड्यावरून पक्षी ओळखणारी प्रयोगशाळा आहे. रॉक्सी लेबोर्न नावाच्या बाईंनी ही विद्या घडवली आणि बोस्टनच्या अपघातातली पिसंही त्यांनीच ओळखली होती. २००९ च्या पिसांतला हायड्रोजन तपासल्यावर कळलं की हे पक्षी न्यूयॉर्कचे नव्हतेच. ते दूर कॅनडातल्या लॅब्रॅडॉरहून आलेले स्थलांतरित गूज होते. तरीही त्या उन्हाळ्यात शहराने आपल्या उद्यानांतले, तळ्यांतले हजाराहून अधिक स्थानिक गूज मारले. कोणता पक्षी, कुठून आला आणि कशासाठी, हे न पाहता केलेला उपाय असा भलतीकडेच जातो.

पक्ष्यांना विमान दिसत नाही का? दिसतं. पण वाघ, ससाणा, माणूस यांना टाळण्यासाठी घडलेली त्यांची नजर विमानाचा वेग जोखू शकत नाही. अमेरिकेत काही संशोधकांनी काउबर्ड नावाच्या पक्ष्यांना अंगावर येणाऱ्या ट्रकची चित्रफीत वेगवेगळ्या वेगाने दाखवली. ट्रक हळू असो की जोरात, पक्षी उडायचे ते तो सुमारे ३० मीटरवर आला की. त्यांचा हिशेब अंतराचा होता, वेगाचा नव्हताच. ताशी १२० किलोमीटरच्या पुढे त्यांना निसटायला वेळ उरत नव्हता. विमान तेच ३० मीटर ०.४ सेकंदात कापतं. त्यातून आजची इंजिनं जुन्यांपेक्षा शांत आहेत आणि त्यांचा बराचसा आवाज मागच्या बाजूला पसरतो.

उंच आकाशात धोका नगण्य असतो. १९७३ मध्ये आफ्रिकेत आबिजानच्या आकाशात ३७,००० फुटांवर एक गिधाड विमानाला धडकलं होतं, पण तो अपवाद. दहातल्या नऊ टकरी विमानतळाच्या आसपास, कमी उंचीवर होतात. म्हणजे प्रश्न आकाशाचा दिसतो, पण त्याची मुळं जमिनीवर आहेत. विमानतळाच्या भोवती काय पडलंय, काय उगवलंय, पाणी कुठे साचलंय, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे सगळ्यात काळजीचा पक्षी म्हणजे घार. तिला गरम हवेच्या भोवऱ्यावर तासन्‌तास गिरक्या घालता येतात आणि नजर खाली, खाण्यावर. ती विमानतळाकडे येते ती कोंबडी-मटणाच्या दुकानांमागे टाकलेल्या आतड्यांसाठी, मासळी बाजाराच्या घाणीसाठी, उघड्या कचराडेपोसाठी. १९८० च्या दशकात मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेने देशातल्या विमानतळांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला, तेव्हा धोक्याच्या यादीत घारीबरोबर गिधाडंही होती. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं जवळजवळ संपली. वैमानिकांचा एक धोका कमी झाला, पण हे यश म्हणून मोजायला माझं मन तयार होत नाही. उकिरडे होते तिथेच राहिले आणि गिधाडांच्या वाट्याचं खाणं कुत्र्यांकडे, घारींकडे गेलं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला, सोलायला किंवा पक्षी जमतील असा कचरा टाकायला १९३७ च्या विमान नियमांतल्या ९१ व्या नियमाने बंदी घातली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याची भरावभूमी विमानतळापासून वीस किलोमीटर दूर ठेवायला सांगितलं. पण विमानतळाच्या भिंतीबाहेर विमानतळाचा अधिकार चालत नाही. तिथे महापालिका असते, ग्रामपंचायत असते, दुकानदार असतात. म्हणून राज्याच्या मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली विमानतळ पर्यावरण समिती असते आणि या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवणं हे तिचं काम. विमानतळाजवळच्या चिकन दुकानातला कचरा रोज बंद गाडीतून उचलला गेला, तर त्याने होणारं काम कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा मोठं आहे असं माझं ठाम मत आहे.

भिंतीच्या आतली गोष्ट पावसाळ्यात अवघड होते. पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात आणि ती दिव्यांभोवती हजारोंनी उडते. तिच्यामागे घारी, कोतवाल, वटवाघळं येतात. मग गांडुळं आणि बेडूक डांबरावर चढतात, त्यांच्यामागे गायबगळे. टिटवीची तऱ्हा वेगळी. ती उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते आणि धावपट्टीच्या कडेची खडीची पट्टी म्हणजे तिला हवी तशी जागा. हुसकावलं तरी ती दूर जात नाही, कारण तिची अंडी तिथेच असतात.

मग गवत किती उंच ठेवायचं? इंग्लंडमध्ये ते पंधरा-वीस सेंटिमीटर वाढू देतात. तिथले कुरव आणि स्टार्लिंग उंच गवतात उतरायला कचरतात, कारण भोवतालचं दिसत नाही. आपल्याकडे तसंच्या तसं उचललं तर उंच गवतात उंदीर, टोळ, साप वाढतात आणि त्यांच्यावर घारी, कापशी, घुबडं. गवत अगदी कापून टाकलं तर टिटवीला मोकळं रान मिळतं आणि कापणीत उघडे पडलेले किडे खायला बगळ्यांची पंगत बसते. म्हणून एकच माप सगळीकडे चालत नाही. कुठल्या विमानतळावर कोणता पक्षी जास्त, ते मोजून मग गवत ठरवावं लागतं. कापणी रात्री करावी, कापलेलं गवत लगेच उचलावं, गटारांवर जाळी टाकावी, वड-पिंपळासारखी फळांची झाडं धावपट्टीजवळ लावू नयेत, हँगरची भोकं बुजवावीत. इंजिनाला न बसणारी जाळी गटाराला मात्र उत्तम बसते.

पक्षी हुसकावण्याची साधनं पुष्कळ आहेत. विमानतळावर जीपमधून फिरणारे बर्ड चेसर फटाके उडवतात, गॅसच्या तोफेचे बार काढतात, पक्ष्यांच्या भेदरलेल्या हाका लाउडस्पीकरवर लावतात, सांजवेळी लेझरचा झोत फिरवतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका विमानतळाने १९९९ मध्ये बॉर्डर कॉली जातीची कुत्री यासाठी पाळली. या सगळ्यात अडचण एकच: पक्षी शिकतात. तोफ दर दहा मिनिटांनी एकाच जागेवरून वाजली तर आठवड्याभरात बगळा तिच्या नळीवर येऊन बसेल. साधनं बदलत राहावी लागतात, जागा बदलाव्या लागतात, आणि ते काम उन्हापावसात धावपट्टीच्या कडेला उभा असलेला माणूस करतो. कोणता पक्षी कुठे उतरतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्याच्या नोंदवहीला किंमत दिली पाहिजे.

लष्करी विमानांची गत आणखी बिकट. ती कमी उंचीवर फार वेगाने उडतात आणि वेगाच्या वर्गाचा हिशेब आपण पाहिलाच. १६ नोव्हेंबर २०१९ ला गोव्यात दाबोळीहून उडालेलं नौदलाचं मिग-२९के पक्ष्यांच्या थव्याला धडकलं. एका इंजिनाला आग लागली, दुसरं विझलं. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवून उडी घेतली आणि दोघेही वाचले.

याच प्रश्नावर मला आवडलेलं काम इस्रायलमधलं. युरोप आणि आफ्रिका यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या देशावरून सुमारे ५० कोटी पक्षी वर्षातून दोनदा जातात: करकोचे, झोळीवाले, शिकारी पक्षी. तिथल्या हवाई दलाची विमानं त्यांना धडकून पडत होती. योसी लेशेम या पक्षिशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मोटर ग्लायडरमधून थव्यांबरोबर उडत त्यांचे मार्ग, उंची आणि वेळा नोंदवल्या. पक्षी दरवर्षी जवळपास त्याच तारखांना, त्याच वाटांनी जातात, हे त्यातून पक्कं झालं. त्या काळात त्या पट्ट्यात खालून उडायचं नाही, असा नियम हवाई दलाने केला. टकरी ७६ टक्क्यांनी घटल्या, आणि त्यासाठी एकही पक्षी मारावा लागला नाही.

हे वाचताना मला ठाण्याची खाडी आठवते. फ्लेमिंगो तिथे साधारण नोव्हेंबर ते मे असतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खाडीत चरतात. भरतीला चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं, म्हणून ते सीवूड्स-नेरूळकडच्या पाणथळींकडे, उरणच्या पाणजेकडे जातात. म्हणजे त्यांचं येणंजाणं भरतीच्या घड्याळावर चालतं. कोकणातले जुने लोक भरतीची वेळ पाऊणकीने काढतात: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा तास. २० मे २०२४ ला दिवसा द्वादशी होती आणि संध्याकाळी त्रयोदशी लागलेली. पाऊण बारे नऊ, पाऊण तेरे पावणेदहा. घाटकोपरवर विमान थव्यात शिरलं ते नऊच्या सुमारास. भरतीमुळेच ते पक्षी उडाले असा दावा मी करणार नाही. रात्री थवा उठायला दिव्यांचा झोत, विजेच्या तारा, माणसाची वर्दळ अशीही कारणं असू शकतात. पण भरतीची वेळ कुणाही कोळ्याला सहा महिने आधी सांगता आली असती, एवढं नक्की.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आहेत. त्याच्या आसपासच्या पक्ष्यांवर बीएनएचएस कित्येक वर्षं अभ्यास करत आली आहे. त्या पट्ट्यातल्या पाणथळी बुजवल्या की पक्षी जातील आणि विमानं सुरक्षित होतील, असा समज अजूनही कानावर येतो. तो धोक्याचा आहे. पाणथळ बुजली तरी भरती यायची थांबत नाही. पक्षी मग दुसरी मोकळी, ओली, शांत जागा शोधतात आणि विमानतळाच्या कुंपणाआत तशी जागा हमखास असते. आज ते कुठे बसतात हे ठाऊक आहे. ती जागा पाण्याने भरलेली राहिली, तर उद्याही ते तिथेच बसतील आणि विमानांच्या वेळा त्यांच्या वाटेशी ताडून पाहता येतील.

तुम्ही नवी मुंबईत राहत असाल तर यात हातभार लावता येतो. हिवाळ्यातली एखादी पौर्णिमा किंवा अमावास्या धरा. पाऊणकीने भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, तिच्या दोन तास आधी सीवूड्सच्या बांधावर दुर्बीण घेऊन उभे राहा. थवे किती वाजता येतात, कोणत्या दिशेने, इमारतीच्या कितव्या मजल्याच्या उंचीवरून, अंदाजे किती पक्षी, हे लिहून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. रात्री भरती असेल तेव्हा डोळ्यांनी दिसत नाही, पण फ्लेमिंगो उडताना बदकांसारखा कलकलाट करतात. तो ऐकू आला की वेळ लिहून ठेवा.